घंगाळ तेवढं द्यायचं राहिलं

भाऊजी, तुमची शेवटची अंघोळ प्लॅस्टिकच्या बादलीतल्या पाण्यानं झाली.

सगळ्यात आधी हेच सांगते, कारण त्या दिवसापासून दुसरं काही सुचतच नाहीये. अंगणात पाट मांडला होता, पाणी तापलं होतं. कुणीतरी आवाज दिला, "मोठं भांडं आणा हो घरातलं." मी सवयीनं न्हाणीघराच्या कोपऱ्याकडे वळले. शहाबादी फरशीवर घंगाळाच्या बुडाचा गोल डाग अजून तसाच आहे, कितीही घासला तरी जात नाही. डाग आहे, घंगाळ नाही. नलूनं माझ्याकडे पाहिलं, मी नलूकडे. ते कुठं आहे ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. बोलायचं काय? मग तिनंच धुण्याची निळी बादली पुढं केली. तुमची बायको म्हणून तिला तेवढा हक्क होता. मी नुसती भिंतीला हात लावून उभी राहिले.

तेव्हा भाऊजी, भांडण तिथूनच पुढं सुरू करू. तुम्ही गेलात म्हणजे ते मिटलं असं समजू नका.

भेटायला येणारी माणसं विचारतात, "तुमचे दीर ना?" मी हो म्हणते. आता त्यांना काय काय सांगत बसू? मी हैदराबादेत, या जामबागच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होता आणि तुमची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तरी केवढी होते, सोळाची. पहिल्या दिवाळीला मामंजी म्हणाले, "सूनबाई, धाकट्याला तेवढं न्हाऊ घाला, त्याला कोण आहे?" माझ्या आईनं उदगीरच्या बाजारातून घेऊन दिलेलं तांब्याचं घंगाळ पहिल्यांदा त्या दिवशी वापरात काढलं. तुम्ही पाटावर अंग चोरून बसलात. मी तेल लावलं, उटणं लावलं, आणि तुमच्या डोळ्यांत उटणं गेलं. असे ओरडलात की शेजारच्या रेड्डीणबाई कुंपणाशी आल्या, "एमयिंदम्मा, काय झालं?" मग मी घाबरून अख्खा तांब्या तुमच्या डोक्यावर ओतला. तुम्ही एक डोळा मिटून माझ्याकडे बघत म्हणालात, "पाणी छान गरम आहे." तेव्हापासून दर दिवाळीला. मिशी फुटल्यावर तुम्ही म्हणालात, वहिनी, आता माझा मी न्हाईन. पण पाणी मात्र त्याच घंगाळातलं लागायचं. कॉलेजला गेलात, नोकरी लागली, नलू आली, तरी नरकचतुर्दशीला पहाटे तुमची हाक ठरलेली. "वहिनी, घंगाळ भरलं का?"

आणि तुम्ही माझ्यासाठी काय केलंत तेही लिहिते, नाहीतर नुसतीच तक्रार होईल. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती. तुम्ही शाळेतून आलात की स्वयंपाकघरात पाय पसरून मोठ्यानं धडे म्हणायचात, म्हणजे पाठ होतात म्हणून. भाकरी थापता थापता तुमच्याबरोबर मीही शिकत गेले. पुढं अफझलगंजच्या वाचनालयातून माझ्या नावाचं कार्ड तुम्हीच काढून आणलंत. कोठीच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायचात आणि म्हणायचात, "वहिनी, हे तुमच्यासाठी, हे माझ्यासाठी." माझं कधीच संपून जायचं, तुमचं अर्धं राहिलेलं असायचं. मग उरलेलं तुमचंही मी वाचायची. आवाज पाण्यात हवेपेक्षा कितीतरी जोरात पळतो, हे मी तुमच्या पुस्तकात वाचलं आणि मला खरं वाटेना. तुम्ही मला हौदात कान बुडवायला लावलात आणि दुसऱ्या टोकाला दगडावर दगड आपटलात. अगबाई! माझ्या कानात कुणी टाळ वाजवला असं वाटलं. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, शाळेत शिकवून घरी येऊन बघतात तर बायको हौदात डोकं घालून बसलेली. "हे काय चाललंय?" "अभ्यास," तुम्ही म्हणालात.

त्याच अभ्यासानं पुढं तुमचं पोट भरलं. तुमचं आयुष्यही त्यानंच खाल्लं, भाऊजी. दोन्ही लिहिते.

हैदराबादेत समुद्र नाही. हुसेनसागरला सागर म्हणतात एवढंच. आणि या गावात बसून तुम्ही काय करत होता, तर समुद्राच्या तळाशी पेरलेले पाणसुरुंग शोधणारं यंत्र. आधी तुम्ही घरात काहीच सांगत नव्हता. "ऑफिसचं काम," बस. मग सांगायला हरकत नाही तेवढं सांगायला लागलात आणि तेही माझ्या भाषेत. लढाईत शत्रूच्या वाटेवर समुद्रात सुरुंग टाकून ठेवतात. काही जहाजाचा धक्का लागला की फुटतात, काही नुसत्या जहाजाच्या लोखंडानं, काही त्याच्या आवाजानं. लढाई संपते, माणसं आपापल्या घरी जातात आणि हे मात्र वर्षानुवर्षं वाट बघत खाली बसून राहतात. मग त्या वाटेनं ना गव्हाचं जहाज जाऊ शकत, ना तेलाचं, ना खताचं. पूर्वी माणसं बुडी मारून ते हातानं शोधायची. तुमचं यंत्र माणसाऐवजी जाणार होतं. पिवळंधमक, आपल्या देवघराएवढं, मागं लांब केबल. आत माणूस नाही, माणूस वर नावेत पडद्यासमोर. ते आवाज सोडणार, प्रतिध्वनी ऐकणार, खाली पडलेलं ते दगड आहे की डबा आहे की सुरुंग हे ओळखणार. सुरुंग असला तर शेजारी छोटासा बार ठेवून परत येणार, आणि सगळे लांब गेले की तो बार उडवायचा. घरात आम्ही त्याला कासव म्हणायचो.

एका खंडेनवमीला मी विळी, सुरी, ह्यांचं पेन आणि तुमचा स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडले होते. तुम्हाला म्हणलं, "कासवालाही हळदकुंकू पाठवते. हत्यारच ना ते?"

"हत्यार नाही, वहिनी. हत्यार तिथं आधीच पडलेलं असतं. हे ते काढायला जातं. केरसुणी म्हणा."

"मग केरसुणीची पूजा लक्ष्मीपूजनाला. आज नाही."

"चालेल. थांबेल ते."

"पण मी म्हणते, टाकले कुणी? ज्यानं टाकले त्यानं काढावेत. आपण कशाला दुसऱ्याची घाण उपसायची?"

तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरला लागलेलं कुंकू न पुसता तो खिशात ठेवलात आणि म्हणालात, "सकाळी सडा घालायच्या आधी तुम्ही फाटकाबाहेर झाडता, तेव्हा केर कुणाच्या घरचा आहे ते बघता का?"

मला उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं, पण तोवर तुम्ही ऑफिसला गेला होता.

आता घंगाळाचं. यंत्राला शिकवायला खोटे सुरुंग लागत होते. ते करून घ्यायचे तर मंजुरी, मग टेंडर, मग पुन्हा मंजुरी. शहराबाहेर दगडाची एक जुनी खाण पाण्यानं भरलेली होती, तिथं तुमच्या चाचण्या चालायच्या. एक दिवस तुम्ही न्हाणीघरात उभे राहून घंगाळाकडे असे काही बघत होता की मला शंका आली. तुम्ही ते उपडं घातलंत, चार पावलं मागं गेलात आणि मान वाकडी करून पाहिलंत.

"वहिनी, तळावर बसणारा एक सुरुंग असतो ना, तो अगदी असाच दिसतो."

"माझ्या आईचं आहे ते."

"चार दिवस. दोरी बांधून सोडतो, दोरी ओढून काढतो."

"आणि बुडालं तर?"

"आमचं कामच शोधायचं आहे की."

माझ्या माहेरी भांडं रिकामं ना घराबाहेर जातं ना घरी येतं. मी त्यात मूठभर तांदूळ टाकले. तुम्ही हसलात, पण काढले नाहीत. ते तांदूळ खाणीतल्या माशांनी खाल्ले असणार.

तिसऱ्या दिवशी तुमच्या नावेवरचे रहमतभाई दारात उभे. टोपी हातात. "अम्मां, माफ करना जी. कडीची गांठ खुल गई." त्यांच्या मागं तुम्ही, शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखे. मी रहमतभाईंना चहा दिला आणि तुमच्याशी आठ दिवस बोलले नाही. नलू मधल्यामध्ये निरोप पोचवत होती. "भावजयीला सांग, कासव शोधून आणेल." "दिराला सांग, कासवाला आधी स्वतःचं घर सापडू दे."

गंमत अशी की कासवाला सगळं सापडत होतं. पुढं मंजुरी मिळाली, लोखंडाचे खोटे सुरुंग आले, ते सगळे त्यानं शोधले. डबे सापडले, कुणाची तरी सायकल सापडली. घंगाळ सापडेना. तळाशी दगड म्हणजे आपल्याकडचे, घरागत एकेक. त्यांच्यामध्ये गाळ साचलेला आणि घंगाळ त्या गाळात. तुम्ही सांगितलं होतंत, वर असलेल्या वस्तूची आवाजात सावली पडते, त्या सावलीवरून ती ओळखायची. गाळाखाली गेलेल्या वस्तूला सावलीच नसते. मग कासवानं ते ओळखायचं कसं?

इथं आपलं खरं भांडण सुरू झालं. मी ते जसं झालं तसंच लिहिते. मागाहून आपली बाजू गोड करून सांगायची सवय मला नाही.

ते दिवस आठवतात ना? बाजार खुला झाला होता. पूर्वी एक सुटा भाग बाहेरून मागवायचा तर तुम्ही महिनोन् महिने वाट बघत बसायचा. आता अख्खं यंत्रच तयार मिळत होतं. परदेशी कंपन्यांची माणसं कोट घालून तुमच्या ऑफिसात यायला लागली. अमीरपेठेत घराघरावर कॉम्प्युटर शिकवणीच्या पाट्या लागल्या. तुमच्या हाताखालची पोरं एकेक करून सॉफ्टवेअरला गेली, अमेरिकेला गेली. जाताना पेढे घेऊन आपल्याकडे यायची, तुमच्या पाया पडायची. तुम्ही आशीर्वाद द्यायचात आणि ती गेली की पेढ्याचा डबा बंदच ठेवून द्यायचात. शेवटी तुमच्याकडे राहिली एकटी पद्मजा. वरंगळची, बारीकशी, मोठ्या चष्म्याची. तुम्हालाही बोलावणं आलं होतं. नलूचं मन होतं. तिनं उघड हट्ट धरला नाही, पण त्या आठवड्यात ती सगळ्या भाज्यांत मीठ घालायला विसरत होती. मी वरून मीठ घेत होते. तुम्ही गेला नाहीत.

का? तर घंगाळ. वरचे साहेब म्हणत होते, सगळे सुरुंग सापडले, आता समुद्रात उतरवा. तुम्ही अडून बसलात.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी बोललेच. "अहो, सोडा ते घंगाळ. मी बेगमबाजारातून नवं आणते. कागदावर सापडलं म्हणून लिहा. कोण बघायला येतंय खाणीत?"

तुम्ही कप खाली ठेवलात. तुमचा आवाज चढत नसे. उलट उतरायचा, आणि मला त्याचीच भीती वाटायची. "वहिनी, जे सापडले ते सापडायलाच ठेवले होते. एक तेवढं खरोखर हरवलेलं आहे. समुद्रात सगळे तसेच असतात. हे सापडत नसेल तर मी कुठल्या तोंडानं सांगू की वाट मोकळी झाली, न्या जहाजं? त्या जहाजावरही कुणाचे तरी भाऊजी असतील."

"आणि इथं तुमची माणसं आहेत त्यांचं काय? नलूकडे बघा. स्वतःकडे बघा आरशात. तोवर बाहेरचं यंत्र विकत घेतील आणि तुमचं कासव अडगळीत जाईल. मग?"

"मग जाईल."

"एका भांड्यापायी!"

"तुमच्याच भांड्यापायी," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मी नाही हसले.

भाऊजी, तुम्ही बरोबर होता असं मी आजही लिहून देणार नाही. जहाजाबद्दल बरोबर असाल. पण जिने चढताना तुम्ही मध्येच थांबायचात आणि चप्पल नीट करतोय असं दाखवायचात, ते मला दिसत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? पाण्याखालचं ऐकण्यात तुमचा जन्म गेला आणि स्वतःच्या छातीतलं ऐकू आलं नाही. मी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचात, "एवढी चाचणी होऊ द्या." ही चाचणी, मग ती चाचणी.

पण तुम्ही वेडे होता, आणि ते वेड मला आवडायचं, हेही खोटं नाही. ही गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. मी भात टाकायला डबा उघडावा तर तांदळात माझी लोटी पुरलेली. तुम्ही डब्याला कान लावून बसलेले, हातात चमचा. आधी टिचकी मारायचात, मग चमच्यानं, मग मुठीनं. "बारीक आवाज वरच्यावर अडतो वहिनी, जाड आवाज आत शिरतो. ऐका." मी कान लावला. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मी, मध्ये तांदळाचा डबा. नलू दारातून म्हणाली, "या घरात जेवायला मिळेल का आज?" त्या दिवशी तुमचा चेहरा हौदाच्या काठावर होता तसा होता, सात वर्षांचा. मी हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभी राहिले, कारण मला भरून आलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर तुम्ही चेष्टाच केली असती. पण ऐकलं तर असतंत.

पुढं तुम्ही आणि पद्मजानं कासवाला जाड आवाज बसवला. त्यात आणखी वर्ष गेलं. आणि त्या सकाळी तुम्ही व्हरांड्यात चहा पिता पिता म्हणालात, "वहिनी, परवा खाणीवर चला. नवीन आवाज लावतोय. तुम्हाला नावेत बसवतो."

मी तूर निवडत होते. वर न बघता म्हणलं, "घंगाळ वर आलं तरच माझे पाय तिकडे वळतील."

"मग या. वर आणतो."

"आणि रिकामं नको आणू म्हणावं तुमच्या कासवाला."

"हौ, सांगतो," म्हणालात आणि कप ठेवायला वाकलात. कप ठेवला गेला. तुम्ही मात्र वर आला नाहीत.

हेच आपलं शेवटचं बोलणं, एका भांड्यावरून. लोकांची शेवटची बोलणी कशी असतात मला माहीत नाही. आपली अशी झाली.

तेराव्यानंतर घर एकदम गप्प झालं. नलू तुमची चप्पल रोज पुसून परत जागेवर ठेवते. पद्मजा मधून मधून यायची, नलूजवळ बसायची, जायची. तिच्याकडून कळलं की वर ठरत आलंय, बाहेरचं यंत्र घ्यायचं आणि कासवाची फाइल बंद करायची. ते करणारा माणूसच गेला, आता पुढं कोण रेटणार? मी ऐकून घेतलं. मनात म्हणलं, बघा भाऊजी, मी सांगत होते. आणि खरं सांगू, तुमच्याशी भांडणात जिंकून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

परवा दुपारी फाटक वाजलं. पुढं पद्मजा, मागं रहमतभाई आणि ऑफिसचा शिपाई, दोघांच्या मध्ये ओलं गोणपाट. अंगणात ठेवलं. रहमतभाईंनी टोपी काढली तेव्हाच मला कळलं.

"अम्मां," ते म्हणाले, "इस बार गांठ पक्की थी."

गोणपाट मीच सोडलं. घंगाळ काळंहिरवं झालं होतं, एक कडी गेलेली, काठाला कासवाच्या चिमट्याचा ओरखडा. पद्मजा चष्मा पुसत सांगत होती, तिच्या मराठीत, जे तुम्हीच तिला शिकवलंत. "फाइल बंद होण्याआधी एकदाच उतरवू द्या, असं मी साहेबांना म्हटलं, अम्मा. सरांच्या खुर्चीत कुणी बसलं नाही. मी उभं राहूनच चालवलं. जाड आवाज लावला. दगड, दगड, सगळे दगड. मग गाळाच्या आत अंगठीसारखा गोल दिसला. जिथं पडलं होतं तिथंच होतं. आम्ही इतकी वर्षं त्याच्यावरून ये-जा करत होतो. साहेब म्हणाले दगडच असेल. रहमतभाई म्हणाले, 'अम्मां का है, मैं पैचानता.' चिमट्यानं कडी धरली तर कडी तुटली. मग काठ धरला."

नलू खांबाला टेकून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "त्यांना सांगायला हवं गं कुणीतरी." आणि मग आम्ही चौघं-पाचजणं त्या भांड्याभोवती बसून रडलो. तुमच्या तेराव्याला मी रडले नव्हते, भाऊजी. लोक म्हणत होते बाई धीराची आहे.

घंगाळात खाली काहीतरी होतं. खाणीतला गाळ, ओला, आणि त्यात एक शिंपला. पद्मजा घाईघाईनं म्हणाली, "तेवढं आम्ही मुद्दाम धुतलं नाही. सर म्हणाले होते, सापडलं तर रिकामं द्यायचं नाही, वदिना म्हणजे वहिनी, त्या रागावतील."

म्हणजे त्या सकाळी मी म्हणायच्या आधीच तुम्ही तिला सांगून ठेवलं होतंत. माझं ऐकत होता तर.

रात्रभर चिंच भिजवली आणि काल सकाळी मीठ लावून घंगाळ घासलं. हात भरून येत होते, थांबत थांबत घासलं. आतून आधी एक लाल ठिपका निघाला, मग सगळं. न्हाणीघरात त्या गोल डागावर ठेवलं तर नेमकं बसलं. त्यात पाणी भरलं, ऊन ऊन, हात घालून पाहिलं. नलूला म्हणलं, तू न्हाऊन घे. ती गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आतून तांब्याचा आवाज येत होता, थांबायचा, परत यायचा. मी दाराशी बसून राहिले.

आणि आज सकाळी पद्मजा परत आली. उंबऱ्यातच घुटमळत होती. मी म्हणलं, बाई, तोंडात काय आहे ते बोल.

फाइल बंद झालेली नाही. साहेबांनी स्वतः पडद्यावर तो गोल पाहिला, घंगाळ वर येताना पाहिलं. आता बाहेरचं यंत्र आणि आपलं कासव, दोन्ही विशाखापट्टणमला समुद्रात उतरवणार. गाळात पुरलेलं जे शोधून काढेल ते ठेवणार. "अम्मा, सर म्हणायचे, समुद्रात पहिल्यांदा घंगाळच पुरायचं. पण आता ते तुमच्याकडे आलं आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर आम्ही दुसरं काही घेऊ. समुद्राचा गाळ हलतो. परत मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

घंगाळ समोर होतं, चकचकीत, एका कडीचं. इतकी वर्षं तुमच्याकडे मी हेच मागत होते. ते मिळालं त्याला दोनच दिवस झाले होते. मला वाटलं, आता कशाला? ज्याच्या अंघोळीला हवं होतं तो गेला. घरी ठेवून मी काय करू, रोज त्यात बघू? आणि वाटलं, नाही, का देऊ, माझ्या आईचं आहे. दोन्ही वाटलं.

मग मी विचारलं, "कडी एकच आहे. बांधाल कसं?"

पद्मजाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

रहमतभाई फाटकाबाहेर गाडीत बसलेले होते. म्हणजे यांनी मी काय म्हणणार ते आधीच ओळखलं होतं, तुमचीच शिकवण. ते आत आले, कडीला हात लावून म्हणाले, "काठाखालून पट्टा लगाऊंगा अम्मां, फिकर नक्को." मी स्वयंपाकघरात गेले. तांदळाचा तोच डबा. मूठभर तांदूळ घेतले, घंगाळात टाकले. पद्मजा म्हणाली, "अम्मा, समुद्रात तांदूळ कशाला? मासे खातील."

"खाऊ देत. तुझ्या सरांनीही काढले नव्हते."

मग आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला. खंडेनवमी होऊन गेली आहे आणि दिवाळी यंदा आपल्या घरी नाही. तरी पद्मजाच्या रुमालात चिमूटभर कुंकू बांधून दिलं. म्हणलं, कासव पाण्यात सोडायच्या आधी पाठीवर लाव. काचेच्या डोळ्याला लावू नकोस, दिसायचं नाही त्याला. लक्ष्मीपूजनाला अजून अवकाश आहे, हे मला माहीत आहे. पण तुमचं कासव फार थांबलं, भाऊजी.

गाडी गेली. फरशीवरचा डाग परत मोकळा आहे. नलू म्हणाली, "दिलंत जाऊबाई? परवाच तर आलं." मी म्हणलं, चार दिवसांसाठी दिलंय. तुम्हीही तेवढंच म्हणाला होता.

आता तिकडे सगळे असतील, पद्मजा असेल, रहमतभाई असतील, ती कोटवाली माणसं असतील. तुमची खुर्ची रिकामी असेल. तुम्ही जमलं तर तिथं जवळपास राहा. पोर घाबरली की चष्मा पुसत बसते, तेव्हा तो हळू आवाज काढा तुमचा. आणि घंगाळ वर आलं तर त्यात समुद्राचं थोडं पाणी राहू द्या, तेवढं सांगा त्यांना. ते रिकामं घरी यायला नको.